प्रकाशक स्वयंपाकघरात आहेत

मराठी पुस्तक हातात आलं की मी आधी ते पान उघडतो, जे सहसा कुणी वाचत नाही. शीर्षकाच्या मागचं. बारीक टायपात तिथे प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्ती, मूल्य असा सगळा संसार मांडलेला असतो. प्रकाशकाच्या जागी ‘सौ.’ने सुरू होणारं नाव असेल, तिचं आणि लेखकाचं आडनाव एकच असेल आणि पत्त्यात ‘पिठाच्या गिरणीसमोर’ असं काही असेल, तर ते पुस्तक मी जरा मायेने धरतो. त्या एका ओळीमागे पुण्या-मुंबईहून आलेली ‘साभार परत’ असते, किंवा त्याहूनही जीवघेणं म्हणजे वर्षभर न आलेलं उत्तर असतं. आणि एका बाईने समोर ठेवलेल्या कागदावर, हात पदराला पुसून, न वाचता केलेली सही असते. माझ्या कादंबरीच्या त्या पानावरही असंच आहे. कादंबरीचं नाव सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. पत्ता मात्र ओझर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. लेखक आणि प्रकाशक एकाच घरात राहतात, आणि प्रकाशक दिवसातला बराच वेळ स्वयंपाकघरात असतात.

लेखक-प्रकाशकांचं पटत नाही, ही तक्रार छापखान्याइतकीच जुनी असावी. लेखकाला वाटतं प्रती लपवल्या, प्रकाशकाला वाटतं प्रती खपेनात. आमच्याकडे लपवायला जागाच नाही. कादंबरीच्या 500 प्रती छापून आल्या त्या दिवशी बैठकीतल्या दिवाणात ज्या गाद्या आणि रजया पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत होत्या, त्या बेघर झाल्या. तेव्हापासून पाहुणा मुक्कामाला आला की आतून आवाज येतो, “अहो लेखक, प्रकाशक विचारतायत, रजई कुठल्या प्रकरणाखाली आहे?” रॉयल्टीचा विषय निघत नाही, कारण ती भाजीत मुरते. करार नव्याने झालेला नाही. तो बत्तीस वर्षांपूर्वी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभं राहून झालेला आहे आणि त्यात साहित्याचं कलम नव्हतं, याची त्या अधूनमधून आठवण करून देतात.

त्या सहीत एक जोखीमही होती. पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांना पोचवण्याबाबतचा 1954 सालचा एक केंद्रीय कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. न पाठवल्यास 50 रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय पुस्तकाची किंमत. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सौ. पोळी लाटत होती. ती म्हणाली, “म्हणजे लिहिलंत तुम्ही आणि गुन्हा माझ्यावर?” मग तिनेच चार पाकिटं करवून घेतली. टपाल खात्याची स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट 2024च्या डिसेंबरात बंद झाली, आणि तेव्हा राज्यभरच्या छोट्या प्रकाशकांच्या घरात सुतकासारखं वातावरण होतं. पुढे 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. खिडकीवर आधी पाकिटाकडे आणि मग माझ्याकडे बघत प्रश्न आला, “यात काय आहे, काका?” कादंबरी आहे असं सांगताना आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज चाचरला. ज्ञानाच्या दराने जायला माझी कादंबरी पात्र आहे की नाही, हा प्रश्न कुठल्याही समीक्षकाने इतक्या नेमकेपणाने विचारला नसता. गेली. कोलकात्यात, जिथे मी कधी गेलो नाही आणि बहुधा जाणारही नाही, तिथे एका फळीवर ती आता उभी असेल. शेजारी कोण असेल, कुणास ठाऊक. पण तिथे तिला ‘सूट किती?’ असं विचारणारं कुणी नाही.

लिहिणं हा या धंद्यातला सगळ्यात लहान भाग आहे, हे आधी कुणी सांगत नाही. माझं लिहिणं पहाटे चार ते सहा चालतं. ती वेळ सरस्वतीने दिलेली नाही, पहिल्या पाळीने दिलेली आहे. आमच्या गावाला बाहेरचे लोक अजून ‘ओझर मिग’ म्हणतात. 1964 साली इथे विमानांचा कारखाना उभा राहिला, मिग-21 जुळू लागली, मग मिग-27 आली, मग सुखोई. माझी सारी नोकरी तिथल्या एका हँगरमध्ये गेली. विमानात एक रिवेट मारायचा तरी त्याला कागद असतो. मारणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. पाळी संपताना हत्यारं मोजून जमा करायची, आणि एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, कारण तो विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. अशा शिस्तीत हयात घालवून मी कादंबरीकडे आलो आणि बघतो तर इथे तपासणी खातंच नाही. मी एक माणूस मारला, दोन लग्नं मोडली, बाणगंगेला अवेळी पूर आणला, आणि कुणी सही मागितली नाही. या मोकळेपणाने मला कित्येक रात्री झोप येईना. शेवटी स्वतःच एक तक्ता आखला: कोणतं पात्र कुठल्या प्रकरणात आत गेलं, कुठल्या प्रकरणात बाहेर आलं. सगळे हिशेबाला लागले. फक्त नायकासमोरचा ‘परत’ हा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला. तो शेवटी घरी परत येत नाही. तेच तर कादंबरीचं मर्म होतं, असं मी समजत होतो.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला. टीव्हीवर पाण्याचे फवारे उडत होते आणि आमच्या गल्लीत निवृत्त माणसं आपापल्या दारात उगाच उभी होती. ज्याचं पोट मी टॉर्च लावून तपासलं, ते साठ वर्षांच्या नोकरीनंतर रीतसर निवृत्त झालं. मी ते बसून बघत होतो त्याच दिवाणावर, ज्याच्या आत माझी पहिली आवृत्ती होती. पुस्तकाचं असं काही नसतं, हे मला तेव्हा जाणवलं. विमान एका दिवशी शेवटचं उडतं. न खपलेली कादंबरी मात्र कधीच निवृत्त होत नाही. ती आयुष्यभर धावपट्टीच्या टोकाला, इंजिन चालू ठेवून उभी असते.

या अवस्थेत मोठी माणसं होऊन गेली आहेत, हा दिलासा मी वाचून वाचून गोळा केला आहे. अमेरिकेतल्या थोरोने पहिलं पुस्तक 1849 साली स्वतःच्या खर्चाने काढलं. हजारातल्या 706 प्रती 1853 मध्ये प्रकाशकाने घरी धाडून दिल्या, आणि त्या पाठीवरून माडीवर चढवल्यावर त्याने रोजनिशीत हिशेब केला की आपल्या घरात आता जवळपास नऊशे ग्रंथ आहेत आणि त्यातले सातशेहून जास्त आपणच लिहिलेले आहेत. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढलं आणि आपल्याच साप्ताहिकात आपल्याच कादंबऱ्या आठवड्याच्या आठवड्याला दिल्या. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली, वर्गणीदार मिळवायला गावोगाव वणवण केली आणि 23 खंड पुरे केले. वर स्वतःच्या कादंबऱ्याही लिहिल्या. पण नाशिक जिल्ह्यातल्या लेखकाला खरी भुरळ पडते ती 1942ची. त्या वर्षी वि. स. खांडेकरांनी स्वतःचे पैसे घालून कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ काढली. तेव्हापासून गोदावरीच्या दोन्ही काठांवरचा प्रत्येक नवा लेखक मनातून आपापल्या खांडेकरांची वाट बघत असतो. माझे खांडेकर कोल्हापुराहून आले नाहीत. ते टाउनशिपमधल्या बायकांच्या भिशीतून आले. तिसऱ्या नंबरला सौ.ची चिठ्ठी निघाली, त्या पैशांत मिक्सर आणि शिलाई मशीन यायचं होतं. त्याऐवजी तेरा फर्म्यांची, 208 पानांची कादंबरी आली. मिक्सर जुनाच आहे. चटणी वाटताना तो जो आवाज करतो, त्याला मी माझ्या कादंबरीवरचा पहिला परखड अभिप्राय मानतो.

साहित्य संमेलन एकदा आमच्या दारापर्यंत आलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये चौऱ्याण्णवावं संमेलन आडगावला भरलं. ओझरहून नाशिकला जाताना वाटेतच ते गाव लागतं. संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, पण आम्ही हौशी सगळे आलो होतो. ग्रंथदालनात मी माझ्या जातीची माणसं तिथेच पहिल्यांदा घाऊक संख्येत पाहिली. त्यांना ओळखायची खूण सोपी असते. पुस्तकं विकत घेणाऱ्याची पिशवी येताना हलकी आणि जाताना जड असते. यांची येताना जड असते आणि जातानाही तितकीच. चहाच्या टपरीवर दोघं भेटत, एकमेकांना आपापली पुस्तकं ‘सप्रेम भेट’ देत आणि पिशव्यांचं वजन कायम राखून निघून जात. महाराष्ट्रात अकरा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. प्रत्येकाने एक प्रत घेतली तरी, असा हिशेब तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. या ‘तरी’वर मराठीतली निम्मी स्वयंप्रकाशित कादंबरी उभी आहे.

आमच्या भागात हे दुःख सगळ्यात लवकर कुणाला कळतं, तर द्राक्षवाल्याला. मागच्या गल्लीतले एक बागाईतदार आहेत. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग थंडीतले ढग बघत घालवलेल्या रात्री, हे त्यांचं वर्ष. मी बिचकत पुस्तक पुढे केलं तेव्हा त्यांनी आधी ते हातात तोलून बघितलं. “किती माल काढला?” पाचशे. “व्यापारी लागला का?” नाही. “मग हातविक्री?” हो. त्यांनी मान हलवली, आणि त्या हलवण्यात जी जाणकार सहानुभूती होती ती मला कुठल्याही परिसंवादात मिळाली नव्हती. “आमच्यावाणीच झालं राव तुमचं. पिकवायचं आपण, आणि भाव विचारायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. पण आमचं एक बरं, माल नासतो. काय व्हायचं ते पंधरा दिवसांत होऊन जातं.” त्यांनी एक प्रत घेतली, छापील किमतीला. घासाघीस केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराच्या हाती द्राक्षांची एक पेटी आली. तिची किंमत पुस्तकापेक्षा जास्त होती. त्या व्यवहारात प्रकाशकांना नफा झाला, आणि त्यांनी तो शेजारीपाजारी वाटून टाकला.

हातविक्रीचा सल्ला मी मनावर घेतला आणि चंपाषष्ठीला आमच्या खंडेरावाच्या यात्रेत एक घडीचं टेबल मांडलं. एका बाजूला रेवड्या, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची विमानं. बारागाड्या ओढल्या जातात त्या दिवशी गावात इतकी माणसं असतात की टेबल आपोआप चार बोटं मागे सरकत जातं. भंडारा उडत होता. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या गजरात कादंबरीच्या आशयसूत्राबद्दल बोलणं जमत नाही, हे लवकरच लक्षात आलं. लोक पुस्तक उचलत, मागचा माझा फोटो बघत, मग मला बघत, आणि खात्री पटली की परत ठेवत. एका छोट्या मुलाने “विमान आहे का?” असं विचारलं. आहे, म्हटलं, सातव्या प्रकरणात. तो शेजारच्या टेबलाकडे गेला. तरी संध्याकाळपर्यंत बऱ्याच प्रती गेल्या, कारण सौ. येऊन खुर्चीवर बसली होती. तिची विक्रीची रीत वेगळी होती. ती कादंबरीबद्दल अवाक्षर काढत नव्हती, येणाऱ्या बाईला ती फक्त म्हणायची, “घ्या ना ताई, आमच्या ह्यांनी लिहिलंय.” आणि त्या बायका, आपापल्या ‘ह्यां’चे नाना उद्योग आठवून, एका खोल समजुतीने पर्स उघडत होत्या. उरलेल्या प्रतींच्या पांढऱ्या कडा भंडाऱ्याने पिवळ्या झाल्या. महागड्या पुस्तकांना सोनेरी कडा असतात; माझ्या आवृत्तीला त्या देवाने फुकट करून दिल्या.

काही प्रती अशा ठिकाणी ठेवून याव्याशा वाटतात, जिथे त्या न विकताही वाचल्या जातील. महामार्गावर दहाव्या मैलाला भीमाबाई जोंधळे यांचं हॉटेल आहे. चहा-नाश्ता येईपर्यंत गिऱ्हाइकाने मोबाइलऐवजी पुस्तक हातात घ्यावं म्हणून तिथे हजारो पुस्तकं मांडलेली आहेत. त्यांचे चिरंजीव प्रवीण जोंधळे ‘अक्षरबंध’ नावाने पुस्तकं काढतात. चहा आणि प्रकाशन हे दोन्ही धंदे एकाच घरात चालू शकतात, हे पाहून मला आमच्या स्वयंपाकघराबद्दल नवा आदर वाटला. तिथल्या एका फळीवर मी माझी प्रत हळूच सरकवून आलो. पुढे कधीतरी गेलो तेव्हा उघडून बघितली. एकसष्टाव्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा स्पष्ट ठसा होता. पुढची पानं कोरी. म्हणजे कुणीतरी, मुंबईहून धुळ्याकडे किंवा धुळ्याहून मुंबईकडे जाणारं, माझ्या एकसष्टाव्या पानापर्यंत आलं होतं आणि मग त्याची गाडी निघाली होती. प्रत्यक्ष अभिप्राय लिहून देणाऱ्यांतले किती जण तिथवर पोचले असतील, याबद्दल मला शंका आहे. मोठ्या प्रकाशकाला आवृत्ती कुठे गेली ते ठाऊक नसतं. मला माझ्या जवळजवळ प्रत्येक प्रतीचं गाव, घर आणि ती कितव्या पानावर थांबली आहे, हेसुद्धा ठाऊक आहे. ही श्रीमंती हिशेबात दाखवता येत नाही एवढंच.

आणि मग एका दुपारी फोन आला. दिंडोरीकडच्या खेड्यातून, एका म्हातारबाईचा. “भाऊ, तुम्हीच ना ते यात्रेतले पुस्तकवाले?” त्यांच्या सुनेने प्रत नेली होती. नात रोज जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचायची आणि घर ऐकायचं. “एकशे ब्याण्णव पानापर्यंत आलोय. पुढं पुठ्ठाच. पोरगं आलं का घरी?” शेवटचा फर्मा जुळणीत राहून गेला होता, सोळा पानं. मी म्हटलं, आजी, उद्याच दुसरी प्रत पाठवतो. त्या म्हणाल्या, “उद्यापर्यंत कुठं वाट बघू? तुम्हीच लिहिलंय ना? सांगा की.” मागून नातीचा आवाज येत होता, फोन स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक. तेव्हा मी दिवाणावर बसून, माझ्या कादंबरीचा शेवट तोंडी सांगितला. आई ओसरीवर बसलेली असते, फाट्यावर शेवटच्या एस.टी.चे दिवे दिसतात, आणि ती गाडी न थांबता निघून जाते. या वाक्यावर मी फार मेहनत घेतली होती.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आजी म्हणाल्या, “थांबायला काय धाड भरली तिला? तिथं विनंती थांबा असल ना?” मी गप्प. “असं नाही करायचं, भाऊ. पोरगं येतं. आई काही बोलत नाही. ताट वाढती, पण आमटीत मीठ घालायचंच इसरती. आन् पोरगं तसंच जेवून घेतं. बस. एवढंच लिहायचं.” आणि नातीला म्हणाल्या, “लिहून ठेव गं मागच्या पुठ्ठ्यावर.”

मी हे स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. प्रकाशकांनी गॅस बारीक केला, सगळं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला, “मग तेच छापा.” मी म्हटलं, अगं, पहिली आवृत्ती संपल्याशिवाय दुसरी कशी काढणार? “किती राहिल्यात?” असं विचारून त्या स्वतः बैठकीत गेल्या आणि दिवाणाची फळी उचलून मोजू लागल्या. हल्ली मी पिशवी घेऊन निघतो तो पूर्वीपेक्षा बराच उत्साहाने. आधी वाटायचं, माझी कादंबरी लोकांनी वाचावी. आता गोष्ट जरा गुंतागुंतीची झाली आहे: आजींचा शेवट छापायचा तर आधी माझा शेवट संपायला हवा. तेव्हा कुणाला हवी असल्यास जरूर कळवावं. मूल्य 250 रुपये, टपालखर्च वेगळा. प्रकाशक सूट देत नाहीत, पण ‘वहिनी’ म्हणून हाक मारलीत तर देतात. आणि एकशे ब्याण्णव पानांनंतर पुस्तक मिटून ठेवलंत, तरी लेखकाची काही हरकत नाही.